काळ्या कागदातला चंबू

मित्रांनो, मला कुठे तडा गेलेला नाही, तरी गेली तीन वर्षे मला कोणी वापरत नाही. मी तंजावूरच्या एका कॉलेजातला जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. आज आयुधपूजा, म्हणजे नवमीला अवजारे पुजून विसावू देण्याचा दिवस आहे, आणि मला धास्ती वाटते आहे.

माझी उमेदीची वर्षे राममूर्ती सरांच्या हाताखाली उकळत्या पाण्यात गेली. पुढे देशाची दारे उघडली, परदेशी यंत्रे परवान्याविना येऊ लागली. आमच्याकडेही एक आले आणि माझे नशीब फळफळले. राजवाड्यामागच्या मराठी घरातली संशोधक विद्यार्थिनी अखिला मला रोज हाती घेऊ लागली.

ती झेंडूच्या पाकळ्यांतून पिवळा रंग काढायची आणि अंड्यातल्या मेदाबरोबर माझ्या आतून सुकवायची. पाणी घालून हलवले की डोळ्यांना न दिसणारे फुगे होत. त्यांचे कवच पेशीच्या पटलासारखे असे. नुसत्या मेदाचे पटल सैल असते, पण रंगाचे कण त्यात मांडवाच्या खांबांसारखे उभे राहिले की ते ताठ होते. ताठपणा मोजणाऱ्या त्या परदेशी यंत्राने तसे दोनदा दाखवले होते. सर म्हणत, "तीनदा आलं तरच खरं." दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तिला प्रबंध द्यायचा होता, आणि तीन महिने शुद्ध केलेला उरलासुरला रंग माझ्या पोटात होता.

या रंगाचा वैरी म्हणजे उजेड. म्हणून ती मला काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवी.

त्या वर्षी नवमीला सकाळी शिपाई व्यंकटरमण यांनी मला भक्तिभावाने बाहेर काढले. कागद सोडला, पोटावर गंध-कुंकू लावले आणि झेंडूची माळ घालून खिडकीत देवापुढे ठेवले. अखिला आली तेव्हा ऊन माझ्या गळ्यापर्यंत आले होते.

"मामा, त्याला उजेड नको," ती घाबरून म्हणाली.

"कागद मळकं होतं अम्मा, देवापुढं तसं कसं ठेवूं? आता उद्यापर्यंत हात लावूं नये. आयुध विसावलंय."

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. लहानपणापासून तिने या दिवशी पुस्तकही उघडले नव्हते. एका दिवसाने काय होते, असे तिने मनाला समजावले. माझ्या पोटातला पिवळा रंग उन्हात विटत गेला, बाहेर माळ कोमेजत गेली. मी ओरडू शकत नव्हतो.

दसऱ्याला तिने मोजले. पटल सैलच निघाले. आधीचे आकडे तिसऱ्यांदा उतरवणे तिच्या हातात होते. तिने वहीत लिहिले, "रंग उजेडात नष्ट. चूक माझी." प्रबंध राहिला, मग कुंभकोणमला लग्न झाले, आणि ती परत आली नाही. मला फार वाईट वाटते.

आता कपाटात माझ्या शेजारी नित्या नावाच्या नव्या विद्यार्थिनीचा चंबू आहे, काळ्या कागदात. मित्रांनो, एखाद्याची वस्तू मायेनेही उघडू नका, आधी विचारा. आणि उघडी दिसली तर देवापुढचीही झाका, देव रागावत नाही.

व्यंकटरमण गंध उगाळून आले आहेत. कपाटाचे दार उघडले. कागद सुटण्याचा आवाज मी ओळखतो.