माशांचा पोळा

नेरडीगोंड्याहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात उद्धवरावांच्या घरावर मासे आले, तेव्हा गावाला बरेच दिवस दुसरा विषय लागला नाही. घरात नव्हे, घरावर. गच्चीवर. उद्धवराव म्हणजे पक्के माळकरी, अंड्याच्या गाडीजवळून जायची वेळ आली तर रस्ता बदलणारे. आणि ते झोपत त्या खाटेच्या बरोब्बर वर आता रोहूची पिल्लं सुळसुळत होती.

हा सगळा उद्योग सुनेचा, सुनयनाचा. तिनं मोबाइलवर पाहून पाहून जुनी पाण्याची टाकी वरून कापली, तीत मासे सोडले, आणि वर भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या नळ्या आडव्या बसवल्या. टाकीतलं माशांचं घाण पाणी एक छोटी मोटर नळ्यांत चढवायची. भोकांतल्या रोपांना त्यातून खत मिळायचं, आणि निवळलेलं पाणी धार धरून परत टाकीत पडायचं. माती नाही, खुरपं नाही. पडणाऱ्या त्या धारेनंच माशांना हवा मिळते, हे सुनयनाला माहीत होतं. उद्धवरावांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही.

आणि पिकत काय होतं, तर लेट्यूस. हायवेवरच्या ढाब्यात बर्गरमध्ये घालतात ते कुरकुरीत हिरवं पान. राहीबाईंनी, म्हणजे उद्धवरावांच्या बायकोनं, ते एकदा वरणात टाकून पाहिलं, तर भांड्यात शोधूनही सापडेना. उद्धवरावांनी जन्मभर वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) पिकवलेली. त्यांनी ते पान बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "हे भाजी हाय का कागद?"

पण खरा वाद पानावरून नव्हता.

"माह्या गळ्यात माळ हाय, अन् तू माह्या डोक्शावर मासे पोसून राह्यली?"

"मामाजी, खायासाठी नाई पोसत मी त्याइले," सुनयना म्हणाली. "हे आपले बैलच समजा. बैलाच्या शेणावर वावर पिकते, तसं याइच्यावर हे पान पिकते. कामाचे जीव हाय."

बैलाचं नाव काढल्यावर उद्धवराव जरा नरमले. तिला काय, सासऱ्याची नस बरोबर सापडली होती. तरी मान इतक्या सहज कशी तुकवायची?

"बरं. पन माही एक शर्त हाय. आपल्या घरच्या हातानं एक जरी मासा मेला, तर त्याच दिवशी हे सारं खाली उतरवाचं. अन् ते पान मी काई खानार नाई."

"मंजूर," सुनयना म्हणाली.

आता माणसाचा स्वभाव पाहा. ज्या गच्चीवर पाय ठेवणार नव्हते, तिथे उद्धवराव सकाळी तोंड धुवायच्या निमित्तानं जायला लागले. मग संध्याकाळी वारा घ्यायला. एका माशाच्या पाठीवर पांढरट पट्टा होता, त्याचं त्यांनी नाव ठेवलं बांड्या. बांड्या हा त्यांचा शेवटचा बैल. मुलानं, वैभवनं, ट्रॅक्टर आणला तेव्हा जोडी विकली गेली, आणि त्या दिवशी उद्धवराव जेवले नव्हते. तेव्हापासून घरचा पोळा मातीच्या बैलांवर व्हायचा, आणि तो दिवस त्यांना खायला उठायचा.

यंदा मात्र पोळा जवळ आला तसा म्हातारा खुशीत. राहीबाई म्हणाल्याही, "काय बाप्पा, दुसरं लगन ठरलं का तुमचं?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं, ही आपल्याकडची रीत. उद्धवराव वाटी घेऊन गच्चीवर गेले. माशाला खांदा नसतो, म्हणून हळदीचं बोट त्यांनी टाकीच्या काठाला लावलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बांड्यानं शेपूट हलवलं. त्यांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी खाली पुरण शिजत होतं. सासू-सुना चुलीपुढून हलायला मोकळ्या नव्हत्या. वैभव ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घालून गावात मिरवायला गेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ढाब्याचा माणूस लेट्यूसची पहिली कापणी न्यायला येणार होता, म्हणून सुनयना पोळ्या लाटता लाटता गुणगुणत होती. उद्धवराव दुपारी दोन पुरणपोळ्या घेऊन वर गेले. कुंकू वाहिलं, एक पोळी कुस्करून टाकीत सोडली. मग मोटरकडे पाहिलं. घूं घूं करत बिचारी रोज पाणी ओढते, म्हणजे या जिवांना रोजच जुंपलेलं. पोळ्याच्या दिवशी कोणी बैल जुंपतं का? त्यांनी बटण बंद केलं.

"आज आराम करा लेकहो," ते म्हणाले, आणि मारुतीपुढच्या तोरणाखालचे बैल पाहायला निघून गेले.

परत आले तो उन्हं कलली होती. दिवसभर नुसतं उकडत होतं. गच्चीवर जाऊन पाहतात तर काय, सगळे मासे वर आलेले, तोंडं उघडी. उद्धवराव हरखले. गोड लागली वाटतं. उरलेली पोळीही त्यांनी कुस्करून घातली.

तेवढ्यात सुनयना आली. नळीतून पडणारी धार ऐकू येत नव्हती, तिथेच ती थबकली.

"मामाजी, मोटर कोनं बंद केली?"

"म्या. पोळा हाय आज. एक दिवस तरी त्याइच्या मानेवरचं जू उतरवा का नाई? अन् पाह्य कसे जेवाले मागून राह्यले."

"ते जेवन नाई मागून राह्यले," सुनयनाचा आवाज फुटला. "धार बंद झाली, त्याइले हवा पुरून नाई राह्यली."

तिनं बटण दाबलं. मोटर घूं घूं करू लागली, पण थेंबभर पाणी वर चढेना. पुरण मोटरच्या जाळीत जाऊन घट्ट बसलं होतं. बांड्या आडवा झाला होता. सुनयना मोटर उपसून खोलायला बसली. शर्तीचं एक अक्षर तिनं काढलं नाही. ती बोलली नाही हेच उद्धवरावांना फार लागलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

त्यांनी तांब्या उचलला. टाकीतलं पाणी घ्यायचं, हात वर करून उंचावरून धार सोडायची, पुन्हा घ्यायचं. पण पुरणानं पाणी नासलं होतं, ते बदलणं भाग होतं. मग म्हाताऱ्यानं गुरांच्या कोठ्यातली जुनी कावड काढली, दोन डबे अडकवले, खांद्यावर घेतली आणि बोअरपासून गच्चीपर्यंत जिना चढू-उतरू लागला. राहीबाई नासलेल्या पाण्याच्या बादल्या खाली नेऊन नालीत ओतत होत्या. गावात बैल पुरणपोळी खाऊन निवांत रवंथ करत होते, आणि इकडे धनी जुंपलेला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी विचारलं, "काऊन उद्धवराव, पोळ्याच्या दिवशी कायची कामं?" ते म्हणाले, "माह्या कर्माची," आणि पुढची खेप भरली.

दिवेलागणीला मोटर साफ झाली आणि धार पडू लागली. उद्धवराव बांड्याला टाकीतल्या पाण्यात, धारेखाली तळहातावर धरून बसून राहिले. बराच वेळ काही झालं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग हातात काहीतरी वळवळलं. बांड्या निसटला आणि खाली तळाला गेला. सुनयनानं टॉर्च लावून सगळे मासे दोनदा मोजले. एकही कमी नव्हता.

खाली येऊन उद्धवराव ओट्यावर मटकन बसले. दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि ताट ओढायचंही त्राण नव्हतं. बंडी काढली तर कावडीनं खांदा लालभडक झालेला. राहीबाईंनी आतून लोणी-हळदीची वाटी आणली, कालचीच, आणि खांद्यावर चोळू लागल्या.

सुनयना दारात उभी होती. पदराआड ओठ दाबून तिनं पाहिलं, आणि मग अगदी रीतीप्रमाणे म्हणाली, "मामाजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उद्धवरावांनी मान वर केली. म्हातारा हसला.

"येतो व बाई," ते म्हणाले. "पन ताटात तुह्यं ते पान वाढजो. बांड्याच्या मेहनतीचं हाय, मले पाह्यजे."