मालिशीचा बाक आणि मावशीचा उजवा हात

मी एक जुना, तेल पिऊन पिऊन काळा झालेला मालिशीचा बाक आहे. मित्रांनो, माझे शहर छोटे, पण त्याच्या औषधी तेलाचे नाव मोठे. इथे गल्लोगल्ली तेलाच्या कढया उकळतात. पाहुण्याला पत्ता विचारावा लागत नाही, नाकच वाट दाखवते.

सुताराने मला घडवले तेव्हा कुणाला टोचू नयेत म्हणून माझ्या कडा गोल घासल्या. मग मी मावशीकडे आलो. मावशी शहरातली नावाजलेली मालिशवाली. पाठ आखडलेले हमाल, मान अवघडलेले शिंपी कण्हत यायचे आणि माझ्यावर पालथे पडायचे. जाताना कुणी माझ्यावरही कौतुकाची थाप मारायचे. माझा ऊर भरून यायचा.

एके सकाळी मावशीच्या हातून तेलाची वाटी निसटली. तिची उजवी बाजू लुळी पडली होती. ती दवाखान्यातून घरी आली, पण हात कामातून गेला होता. दुकान बंद झाले. माझ्यावर रिकामे डबे रचले गेले, धुळीची पुटे चढली.

एक दिवस मावशी भिंत धरत धरत आली. "सूनबाई, ते डबे काढ. आज गिऱ्हाईक मी."

सून तेलाच्या वासानेही नाक मुरडणारी. ती म्हणाली, "अहो आई, मला कुठे येते मालिश?"

"मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी करते, तू तेल चोळ. आणि जरा जोर लाव, मांजर कुरवाळत नाहीयेस!"

मग रोज हेच. मावशी दातओठ खाऊन हात उचलायची, तो धपकन माझ्यावर आदळायचा. "पडू दे," ती म्हणायची. "बाक मजबूत आहे. मी काय कमी आहे?" कधी ती माझ्यावर तोंड दाबून रडायची. सुनेला ते कळायचे नाही. ओल फक्त मला लागायची.

थंडी सरता सरता तिच्या बोटांनी माझी कड पकडली. पकड ढिली होती, पण होती. सून हमसून हमसून रडू लागली.

"रडतेस काय? दुकान उघड!"

मित्रांनो, हात पूर्वीसारखा झाला नाही. तेल म्हणजे जादू नव्हे. आता डाव्या हाताने मावशी आणि दोन्ही हातांनी सून मालिश करते. पहिला हमाल पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "हे बरंय, एका दामात तीन हात!"

"गप पड," मावशी म्हणाली, "नाहीतर चौथाही येईल."

हल्ली माझा एक पाय डुगडुगतो. सुनेने त्याखाली पाचर ठोकली आहे. थकलेल्याला अडगळीत ढकलू नका, मित्रांनो, मग तो बाक असो की माणूस. त्याच्यावरची धूळ झटका, त्याला जमेल ते काम द्या.

बाहेर पुढचे गिऱ्हाईक कण्हू लागले आहे. चला, मला घट्ट उभे राहायचे आहे.