लव्हॉनचा केक

"सुरी कुठाय? ड्वेन, तुझ्या खिशातला चाकू नको हं, त्यानं तू मासे साफ करतोस," असं म्हणत बेव्हनं कारखान्याच्या जेवणघरातल्या टेबलावरच्या मोठ्या चौकोनी केकवरचं झाकण उचललं.

पांढऱ्या क्रीमवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निवृत्तीच्या शुभेच्छा, लव्हॉन!' कोपऱ्यात गळ टाकून बसलेला एक प्लास्टिकचा कोळी रोवला होता. लव्हॉन क्रूझनं जन्मात कधी गळ हातात धरला नव्हता. पण गावातल्या बेकरीत निवृत्तीचे केक दोनच तऱ्हेचे मिळतात, मासेमारीवाला आणि गोल्फवाला, आणि गोल्फवाला डॉक्टर लोकांसाठी असतो.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता, दुपारचा दीड. टेबलाभोवती दुसऱ्या लाइनवरच्या चौदा-पंधरा बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यात मी, ड्वेन, युनियनचा प्रतिनिधी. कोण कधी लागलं ती ज्येष्ठतेची यादी माझ्या ताब्यात असते. त्यामुळे काही चांगलं घडलं की मला कुणी बोलवत नाही, आणि वाईट घडलं की पहिला मी.

अडचण एवढीच होती, की आपण निवृत्त होतोय असं लव्हॉननं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आमचा कारखाना फ्रीजच्या दाराला लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवतो. सोमवारी कंपनीनं नोटीस लावली, दुसरी लाइन बंद. बावीस माणसं. आमच्या करारात अशा वेळेसाठी एक कलम आहे. ज्याचं काम गेलं, त्यानं आपल्याहून नंतर लागलेल्या कुणाचीही जागा घ्यावी, फक्त ते काम त्याला यायला हवं. गावात याला 'ढकलणं' म्हणतात. शुक्रवारी चारच्या आत माझ्या खिडकीशी येऊन सही करायची. ढकललेल्यानं पुढचे तीन दिवस ढकलणाऱ्याच्या शेजारी राहून त्याला काम दाखवायचं आणि मग घरी जायचं. हे कलम ज्यानं लिहिलं त्याला स्वतःला कधी कुणी ढकललं नसावं.

एकवीस जणांचा निकाल गुरुवारपर्यंत लागला होता. उरली होती लव्हॉन. एकतीस वर्षं नोकरी. लाइन सोडली तर तिला येणारं काम एकच, तपासणीचं, आणि तपासणीच्या टेबलावर होती शॉना. शॉनाला सहाच वर्षं झाली होती. लव्हॉननं सही केली तर शॉना थेट बाहेर, कारण तिला ढकलायला तिच्याखाली कुणी नव्हतं. आणि शॉनाला हे काम शिकवलं होतं ते लव्हॉननंच.

गावानं आपल्या परीनं न्याय केलेला होता. लव्हॉन एकोणसाठची, घर स्वतःचं, मुलगी मिनेसोटात सुखात. शॉना एकतिसाची, गेल्याच ऑक्टोबरात तिनं आणि नवऱ्यानं चर्चमागचं घर घेतलेलं. आधी हार्डवेअरचं दुकान गेलं, मग शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली. अशा गावात कुणी तरुण माणूस घर घेतो, तेव्हा येणारे-जाणारे गाडीचा वेग कमी करून बघतात. ती टिकावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर 'जा' म्हणत नाही. केक आणतात.

"अगं, आता मजा कर," बेव्ह म्हणाली. "वेन्डेलला घेऊन ॲरिझोनाला जा. इथं एप्रिलपर्यंत बर्फ उपसत बसायचं काही कारण आहे का?"

"वेन्डेलला ऊन सोसत नाही," लव्हॉन म्हणाली.

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. वेन्डेल तिचा नवरा, एकसष्ट वर्षांचा. शाळा विलीन झाली तेव्हा त्याचं बेसबॉल शिकवायचं काम गेलं, त्याबरोबर शाळेचा विमाही गेला. गेल्या उन्हाळ्यात त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी लव्हॉन त्याला नव्वद मैलांवरच्या इस्पितळात सलाइनमधून औषध द्यायला नेत होती, आणि ते औषध मिळत होतं ते आमच्या कंपनीच्या विम्यावर. तिची नोकरी गेली की तो विमाही जाणार होता. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. वेन्डेलनं तिच्याकडून शब्द घेतला होता. लोक वाडगी भरभरून जेवण आणतील आणि माझ्या टकलाकडे बघत बसतील, असं त्याचं म्हणणं. मला ठाऊक होतं, कारण विम्याचे कागद माझ्या हातून जातात. आणि जे वाचलं ते बोलायचं नाही, यावर माझीही सही आहे.

लव्हॉननं सुरी घेतली आणि पहिला तुकडा कापला. भरपूर क्रीमचा, कोपऱ्यातला. तो घेऊन ती थेट कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी गेली. शॉना तिथं पाठ टेकून उभी होती.

"घे."

"मला नको. खरंच." शॉनानं बशी घेतली, पण चमचा उचलला नाही. मग एकदम म्हणाली, "तुम्ही नक्की जाताय ना?"

"शॉना!" बेव्ह पुटपुटली.

"काय शॉना? केक आणायला चालतो आणि विचारायला नाही चालत? सोमवारपासून मला झोप नाही. रोज यादी बघून येते. तुम्हालाच विचारते, लव्हॉन, जाताय का?"

"चार वाजेपर्यंत वेळ आहे, पोरी," लव्हॉन म्हणाली.

बेव्ह कापलेल्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे करत राहिली. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "हे बघा, बायांनो, कुणाच्या घरात काय चाललंय हे आपल्याला..."

"ड्वेन," लव्हॉन माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या मिशीला क्रीम लागलंय."

मी मिशी पुसली. रुमालाला काही लागलं नाही.

पावणेचारला ती माझ्या खिडकीशी आली. कोट घातलेला, पर्स काखेत. तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी रबर चाचपून चाचपून गुळगुळीत झाली आहे. तो अंगठा ती खिडकीच्या कडेवरून फिरवत राहिली.

"सांगून टाक ना त्यांना," मी म्हटलं. "दोन वाक्यं लागतील. तुझी दोन वाक्यं आणि सगळ्यांची तोंडं बंद."

"आणि शॉनानं काय करायचं? वेन्डेलच्या आजारावर डोळे पुसत घरी जायचं? आत्ता निदान मला शिव्या तरी घालता येतील तिला. तेवढंही काढून घेऊ?"

"लव्हॉन, गाव तुला जन्मात माफ करणार नाही."

"गावाला मी विचारलंय का?" असं म्हणत तिनं पेन उचललं. सही करून झाल्यावर ती जरा वेळ कागदाकडे बघत उभी राहिली. "चांगली पोर आहे रे ती," म्हणाली आणि गेली.

शॉनाला जाऊन सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केक खाल्ला ना तिनं?" मी हो म्हटलं. "सगळा?"

सोमवार ते बुधवार शॉनानं लव्हॉनला काम दाखवलं. नियमाप्रमाणे, एक शब्द न गाळता. "नखानं बघू नका. चीर नखाला लागत नाही, अंगठ्याला लागते. कोपऱ्यात सावकाश." सहा वर्षांपूर्वी याच टेबलाशी हेच शब्द लव्हॉननं तिला सांगितले होते, तेव्हा मी तिथंच होतो. लव्हॉन शेजारी उभी राहून ऐकत होती. मध्येच म्हणायची, "बरोबर." तिन्ही दिवस शॉना स्टुलावरून उठली नाही. बुधवारी भोंगा झाला तशी तिनं अंगठा कापलेले हातमोजे काढून टेबलावर ठेवले. शॉना उंच, लव्हॉन बुटकी.

"स्टूल तुमचं तुम्ही खाली करून घ्या," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दिसू नये म्हणून ती फार सरळ चालत दारापर्यंत गेली.

लव्हॉननं खालचा खटका ओढून स्टूल दोन घरं खाली केलं.

तेव्हापासून जेवणघरात आठ जणांच्या टेबलावर ती एकटी जेवू लागली. तिच्या लॉकरवर कुणीतरी तो प्लास्टिकचा कोळी चिकटवला. तिनं तो काढला नाही. रोज त्याच्यासमोर कोट अडकवायची. मी? जूनमध्ये युनियनची निवडणूक होती, मला मतं हवी होती. मी डबा माझ्या खोलीत खात होतो. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

ऑगस्टमध्ये वेन्डेल गेला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस आणि चीजमधले बटाटे मांडले होते. पाद्र्यानं आजाराचं नाव घेतलं, किती महिने चालला तेही सांगितलं. बायकांनी मनातल्या मनात मागं जाऊन फेब्रुवारी गाठला आणि एकेकीनं हातातली बशी खाली ठेवली. शॉना शेवटच्या टेबलाशी होती. ती पुढं आली नाही, पण शेवटपर्यंत थांबली. बेव्हला हुंदका आवरेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दर रविवारी बटाटे घेऊन आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच," लव्हॉन म्हणाली आणि बेव्हच्या पाठीवर थोपटत राहिली. नवरा कुणाचा गेला होता, हे बाहेरून आलेल्याला कळलं नसतं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा माझ्या खिडकीशी उभी.

"जागा झाली तर परत बोलवायच्या यादीत शॉना कितवी?"

"पहिली."

"गाव सोडून तर नाही ना गेली?"

"नाही. पेट्रोल पंपावर पिझ्झे भाजते."

"मग मला राजीनाम्याचा कागद दे."

"वेडी आहेस का? आणखी आठ महिने काढलेस तर पूर्ण पेन्शन बसते तुला. आत्ता गेलीस तर जन्मभर कमी मिळेल. आता तुला कुणी काही म्हणत नाही, उलट..."

"म्हणून नाही रे." तिनं पर्समधून चष्मा काढला. "ती जागा मी वेन्डेलसाठी घेतली होती. आता कुणासाठी धरून बसू?"

मी कागद दिला. दुसरं काय देणार होतो? सही झाल्यावर म्हटलं, "बेव्हला सांगतो. या वेळी नीट, सगळ्यांनी मिळून..."

"नको. माझा केक झालाय."

शुक्रवारी भोंगा झाल्यावर ती कुणालाही न सांगता गेली. लॉकर पुसून ठेवलेला होता. प्लास्टिकचा कोळी तेवढा ती घेऊन गेली.

सोमवारी सकाळी शॉना आली. सहा महिन्यांनी. ती टेबलापाशी गेली, हातमोजे चढवले आणि स्टूल वर करायला सवयीनं वाकून खाली हात घातला.

ते आधीच दोन घरं वर केलेलं होतं.