सासरेबुवांचा पोर्सेलीनचा दात

जावई दातांचा डॉक्टर असला की सासऱ्याचं तोंड सासऱ्याच्या मालकीचं राहत नाही. सासरेबुवांनी अठरा वर्षांपूर्वी बाटलीचं झाकण दातांनी उघडायचा पराक्रम केला आणि पुढचा एक दात गमावला. जावयाने तिथे पोर्सेलीनचा बसवला. तेव्हापासून सासरे घरी आले की तो आधी ‘आ करा’ म्हणे आणि मग ‘बसा’.

आता हा टिकलेला दात दंतवैद्यांच्या परिषदेत सासऱ्यांसकट दाखवायचा होता. छाप पडली, तर जावयाला कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती.

तयारीसाठी फोटो काढला आणि घोटाळा कळला. पोर्सेलीन होतं तसंच होतं. शेजारपाजारचे खरे दात मात्र पिवळे पडले होते.

“बाबा, चहा कमी करा म्हणून कितीदा सांगितलं!”

“दात गेला होता, जावईबापू. जीभ शाबूत आहे.”

जावयाने खऱ्या दातांना उजळवायचं औषध लावलं. उत्साहात जरा जास्तच लावलं. खरे दात चुन्यासारखे पांढरे झाले आणि त्यांच्यात पोर्सेलीनचा दात कळकट दिसू लागला.

“आता?” सासऱ्यांनी आरसा बाजूला ठेवत विचारलं.

“चहा प्या,” जावई खालच्या आवाजात म्हणाला. “कोरा. तोंडात घोळवून.”

सासूबाई किटली घेऊन आल्या. “जन्मभर माझ्या चहाला नावं ठेवलीत. आता औषध म्हणून ढोसा!”

परिषदेपर्यंत रंग जुळला. कॉलेजचे प्राचार्य पुढच्याच रांगेत होते. जावयाने त्यांना मंचावर बोलावलं. “सर, यातला खोटा दात ओळखा.”

प्राचार्यांनी चष्मा सावरला, बॅटरी मारली, बराच वेळ सासऱ्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं.

“हा. टिकलाय चांगला. पण घडण ओबडधोबड, आणि बसवलाय तिरका.”

“सर, तो खरा आहे!” जावई आनंदाने ओरडला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यांनी तिथल्या तिथे त्याचा हात हातात घेतला, म्हणजे जागा पक्की.

सासरे मात्र गाडीत बसताच उसळले.

“तिरका म्हणे! देवाने दिलेला दात आहे तो. तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?”

जावयाने गाडी सुरू केली. “काय बोलणार बाबा? तिरका आहेच. इतकी वर्षं नात्याखातर गप्प होतो.”