एकाच डब्यातल्या गोळ्या

थंडी पडली की माझ्या आईची, पोशीची, बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. तिच्या जावेची, रुपीकाकूचीही तशीच. काकूच्या तर करंगळीच्या टोकाला जखमच होऊन बसलेली. दोघी पोशेरा गावात मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जायच्या. कळी पहाटेच खुडावी लागते, आणि बधिर बोटांना देठ लागत नाही.

परवाच्या हिवाळ्यात शहरातले डॉक्टर आले. बीपीची गोळी रक्ताच्या नळ्या सैल करते, ती अशा बोटांना उपयोगी पडते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी सगळं नीट समजावलं, खोटं कशाला बोलू? निम्म्या बायांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते शेवटी कळणार. बायांनी माना डोलावल्या.

घरी येऊन काकूने दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात ओतल्या आणि डबा खळखळ हलवला.

"एकीला औषद न् दुसरीला माती, असा कसा चालंल?"

पाड्यात घरोघरी हेच झालं. आमच्या या वाटून खाण्याचं कौतुक करायला लोक लांबून गाड्या घेऊन येतात. मी जव्हारच्या वसतिगृहात होते, नाहीतर डबा हिसकावून घेतला असता.

नर्स येऊन विचारायची, "गोळी घेतली?"

"घेतली."

थंडी सरता सरता काकूच्या करंगळीचं टोक काळं पडलं. ते कापावं लागलं. मग मी सुटीत घरी असताना डॉक्टर आले, चहा-बिस्किटं वाटली आणि म्हणाले, दोन्ही गटांत फरक दिसला नाही, गोळी बंद.

आईने डब्याचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आधी का नाही बोललात?"

"तुमी इचारला, घेतली का. घेतलीच व्हती."

मला डॉक्टरांचा राग आला, आणि आमच्या बायांचा त्याहून जास्त.

काकूने विचारलं, "मना कोणची व्हती?"

डॉक्टरांनी मोबाइलमध्ये पाहिलं. "तुमची खरी होती. पोशीबाईंची नुसती."

"मंग बरा जाला," काकू आईकडे बघून हसली. "हिची बोटा तरी रायली."

काकू आजही नाचणीची भाकर मोडली की निम्मी आईपुढे सरकवते. आई भूक नाही म्हणते आणि उठून जाते.