स्नेहलचा पहिला चार्ट

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. मित्रांनो, जुना म्हणजे किती, तर माझ्या पोटात अजून सीडी घालायचा कप्पा आहे आणि तो उघडायचा तर बटण दाबून वर एक चापट मारावी लागते. सध्या माझा मुक्काम पिंपरी पेंढारला, भिमाजींच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर आहे.

माझी उमेदीची वर्षं नारायणगावात गेली, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात. किती नवरा-नवरींची नावं मी शेजारी शेजारी मांडली, त्याला गणती नाही. पत्रिकेच्या माथ्यावर ओझरच्या विघ्नहराचं चित्र बसवायला मला क्षणभरही लागत नसे. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "आमचा गडी लई इमानी. कधी दगा देत न्हाई." पुढे लोक मोबाईलवरच पत्रिका धाडू लागले. दुकान आवरलं आणि मला माळ्यावर, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे सरकवून दिलं. तिथे मी दोन वर्षं काढली. माझ्या पंख्यात कोळ्याने जाळं केलं, आणि मला वाटलं की आपलं आयुष्य इथेच संपलं.

तिथून मला बाहेर काढलं ते स्नेहलने. ती भिमाजींची सून. जुन्नरच्या कॉलेजात गणित घेऊन शिकलेली. तिचा नवरा सुदर्शन चाकणला कारखान्यात, सुट्टीलाच घरी यायचा. सकाळी टोमॅटोच्या रानात काम झालं, की दुपारचे दोन तास तिचे स्वतःचे असत. त्या दोन तासांत तिला शेअरबाजार शिकायचा होता. शेअरचे भाव कसे चढले-उतरले हे दाखवणारे चार्ट ती मोबाईलवर बघायची, पण बोट ठेवलं की नेमका बघायचा भागच बोटाखाली झाकला जायचा. मोठा पडदा हवा होता, आणि नव्या संगणकाची किंमत ऐकून ती दुकानातून मागे फिरली होती. मग कुणीतरी तिला माळ्यावरच्या माझ्याबद्दल सांगितलं आणि तिने मालकांकडून मला स्वस्तात घेतलं.

नारायणगावात संगणक दुरुस्त करणारा ऋतिक नावाचा माणूस आहे. त्याने मला उघडलं, जाळं काढलं, आतबाहेर फुंकर घातली आणि म्हणाला, "ताई, रॅम वाढवू, जुनी हार्ड डिस्क काढून दुसरी टाकू. तुमच्या कामाला हा पुरंल. नवा घ्यायची गरज न्हाई." त्याला मला भंगारात काढून तिला नवं यंत्र विकता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर स्नेहलने चार्टचं सॉफ्टवेअर माझ्यात उतरवलं. पहिल्या दिवशी पडदा कोराच राहिला. तिने ते बसवलं होतं, पण भावांची माहिती कुठून घ्यायची आणि कुठे ठेवायची हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी रेघ उमटली, तर ती सारख्या नावाच्या भलत्याच कंपनीची निघाली. स्नेहल स्वतःशीच हसली आणि तिने वहीत लिहिलं, "आधी नाव नीट बघ." त्याच वहीत तिने आणखी एक नियम लिहिला होता. सहा महिने फक्त बघायचं, एक रुपयाही लावायचा नाही.

तिची सासू प्रयागबाई भाजी निवडत माझ्यासमोर बसायच्या. पडद्यावर लाल-हिरव्या कांड्या दिसू लागल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्या काय उदबत्त्या लावल्या व्हय गं?"

"आत्या, एक कांडी म्हणजे एक दिवस," स्नेहल म्हणाली. "मार्केटात टोमॅटोच्या क्रेटचा भाव सकाळी कितीला फुटला, दिवसात वर कुठवर गेला, खाली कुठवर आला आणि शेवटी कितीवर थांबला, हे चारी आकडे एकाच कांडीत. सकाळपेक्षा शेवट वर असला तर हिरवी, खाली असला तर लाल."

"मग एवढं सोपं हाय तर बाप्ये लोक त्याचा बाऊ कशापायी करत्यात?" प्रयागबाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुन्या लुगड्याचं झाकण शिवून माझ्यावर घातलं. इतक्या वर्षांत मला अंगभर कपडा पहिल्यांदा मिळाला.

शिकण्यासाठी स्नेहलने सासऱ्यांचीच कंपनी निवडली होती. भिमाजींनी भोसरीच्या एका पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. कंपनीने एकदा कामगारांना शेअर देऊ केले, तेव्हा पगारातून थोडे थोडे पैसे कापून देऊन त्यांनी ते घेतले. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको म्हणून ते दोनशे शेअर त्यांनी जपून ठेवले होते. रोज दुपारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहत आणि विचारत, "आपली कंपनी बरी हाय ना?" रेघ बघून समाधानाने बाहेर ओट्यावर जात.

मग टोमॅटोचा तोडा सुरू झाला. पंधरा दिवस मला कुणी हात लावला नाही. तोडा उरकल्यावर एका दुपारी स्नेहलने मला सुरू केलं, मधल्या दिवसांचे भाव उतरवून घेतले आणि कंपनीचा चार्ट उघडला. भिमाजी पाठीशी उभेच होते.

पंधराशेच्या आसपास चाललेली रेघ एका दिवसात तीनशेवर आली होती. एखाद्या कड्यावरून कोसळावी तशी.

भिमाजी मटकन खाली बसले. "बुडाली," ते हळूच म्हणाले. "सव्वीस वर्षं ह्या हातांनी पंप जुळवलं तिथं. बुडाली कंपनी." त्यांनी खिशातून फोन काढला. "उरलंय तेवढं तरी पदरात पडू दे. नारायणगावच्या दलालाला सांगतो, सगळं इकून टाक म्हणून."

"मामा, जरा थांबा. मला बघू द्या."

"काय बघायचंय आता? दिसतंय की समोर. तू तो डबा बंद कर आधी. त्यो आल्यापासून जिवाला घोर लागलाय."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी मला मिळालेले आकडे जसेच्या तसे मांडले होते. त्यात माझी लबाडी काही नव्हती, पण ते आकडे बघून एक म्हातारा माणूस आयुष्यभराची पुंजी विकायला निघाला होता.

तेव्हा प्रयागबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला फोन अलगद काढून घेतला. "इतकी वर्षं दम धरलाय न्हवं? मग अजून अर्धा तास धरा. पोरगी बघतीय ना."

दोन वाजले होते. बाजार साडेतीनला बंद होणार होता. स्नेहल पडद्याला नाक लावून बघत होती. तिने चार्ट मोठा केला. पडायच्या आदल्या दिवशीची कांडी लहानशी, शांत. पडल्यानंतरचीही तशीच. "कंपनी बुडते तेव्हा काही दिवस आधीपासून धडपड दिसते," ती पुटपुटली. "इथं धडपडच नाही." मग तिने आकडे वहीत लिहिले आणि भागाकार केला. पाच आले.

तिने शेअरबाजाराचं संकेतस्थळ उघडलं आणि कंपन्यांच्या घोषणा शोधू लागली. दोन्ही कामं एकदम करताना माझा पंखा घोंघावू लागला. मी आयुष्यात कधी एवढा जोर लावला नव्हता. अखेर पान उघडलं. ती घोषणा दोनदा वाचून स्नेहल म्हणाली, "आत्या, तो फोन इकडं द्या." भिमाजींच्या फोनवर न वाचलेले इंग्रजी मेसेज साचले होते. त्यांत नऊ दिवसांपूर्वीचा एक सापडला.

"मामा, कंपनी बुडाली नाही. त्यांनी एका शेअरचे पाच भाग केलेत. त्याला स्प्लिट म्हणतात. भाव पाचवा हिस्सा झाला, पण तुमच्या खात्यात आता दोनशे नाहीत, हजार शेअर आहेत. हे बघा, मेसेज आलाय."

भिमाजींनी मेसेजातला एक हजाराचा आकडा बोट ठेवून वाचला. "म्हंजी भाकरीचं तुकडं केलं, पर भाकरी तेवढीच?"

"तेवढीच."

मग स्नेहलने सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण केली. जुने भाव स्प्लिटप्रमाणे जुळवून दाखवायची ती सोय होती, सुरुवातीला तिने ती बघितलीच नव्हती. रेघ पुन्हा उमटली. कडा नाहीसा झाला होता. रेघ संथपणे वर चढत गेली होती, आणि गेल्या पंधरा दिवसांत थोडी आणखीच चढली होती.

भिमाजी कितीतरी वेळ ती बघत राहिले. मग उठले आणि सुनेला म्हणाले, "मगाशी बोललो ते मनावर घेऊ नगं, पोरी. तू व्हतीस म्हणून वाचलो." आणि जाताना त्यांनी माझ्या माथ्यावर हात ठेवला.

दोन दिवसांनी कारखान्यात त्यांच्याबरोबरच शेअर घेतलेला जुना सोबती सावळेराम ओझरहून आला. मोबाईलवर भाव बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भिमाजींनी त्याला माझ्यासमोर बसवलं, स्वतः चष्मा लावला आणि म्हणाले, "घाबरू नगं. आधी सांग, तुजं शेअर किती व्हतं आन् आता किती हायत?" स्नेहल दारात उभी राहून ऐकत होती. तिला मध्ये एकदाही बोलावं लागलं नाही.

मित्रांनो, मी किती दिवस टिकेन ते सांगता येत नाही. पण माळ्यावर संपलो असं वाटल्यानंतर मला ही माणसं भेटली, याचं ऋण मी मानतो. तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र पडलेलं असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची धूळ पुसा, एखाद्या प्रामाणिक कारागिराला दाखवा. काम झालं की नीट बंद करा, तारेला हिसका देऊ नका. आणि आमच्या पडद्यावर कधी काळजाचं पाणी करणारं काही दिसलं, तर लगेच विश्वास ठेवू नका आणि रागाने आम्हाला बंदही करू नका. घरात जी कुणी शिकत असेल, तिला खुर्ची द्या आणि थोडा वेळ द्या.