दात धरणे

आरसा नखाहून थोडा मोठा, त्यात एका वेळी एकच दाढ मावते — आणि त्या दाढेवरून गेलेली केसासारखी बारीक चीर, चिरेच्या कडेला चहाचा तपकिरी डाग, मागे ओला लाल अंधार, आणि त्या अंधारातून येणारा त्या माणसाचा गरम श्वास... तिने आरसा किंचित कलता केला. चीर थेट मुळात उतरली होती. ही दाढ वाचण्यातली नव्हती.

"रात्री झोपेत दात खाता का?" आरसा बाहेर काढत तिने विचारलं.

"बायको म्हणते तसं," तो म्हणाला. "अलीकडे. मुलीच्या शाळेचं जरा टेन्शन होतं ना, डॉक्टर."

जरा टेन्शन. तिने आरसा ट्रेमध्ये ठेवला, तो नको तेवढा वाजला.

मघाशी दवाखान्यातल्या मावशींनी बाहेर नाव पुकारलं तेव्हा तिचं लक्षही नव्हतं. पण तो दारातून आत आला, एक खांदा पुढे काढून चालण्याची ती ढब दिसली, आणि तिने त्याला ओळखलं. हीच ढब तिने शाळेतल्या पालकसभेच्या व्हिडिओत, फोनच्या काचेवर पुन्हा पुन्हा पाहिली होती — माईककडे जाणारी. तो तिला ओळखत नव्हता. ओळखणार कसा? पाटीवर तिचं माहेरचं आडनाव, आणि सभेला गेला होता तो तिचा नवरा. त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्याचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, तिला दवाखाना सोडता आला नव्हता. जगाच्या दाढा उपटत बसले, आणि तिकडे माझ्या पोरीला उपटून काढलं.

सभेचा विषय तिची लेक होती. सूचनेत तसं म्हटलं नव्हतं, 'मुलींच्या स्पर्धा आणि न्याय' असं काहीतरी गुळगुळीत होतं, ट्रान्स हा शब्दही कुठे नव्हता. पण बालवाडीत मुलगा म्हणून नाव घातलेली आणि आता मुलींच्या शर्यतीत पळणारी अशी पोर साऱ्या शाळेत एकच, तेव्हा विषय कोण ते शिपायालाही कळलं असेल. हा माणूस माईकपाशी गेला, हात जोडले, आणि म्हणाला — तिला पाठ आहे — "माझा कुणावर राग नाही. माझी पोरगी पहाटे उठून पळते. ती हरू दे, पण बरोबरीच्यांकडून हरू दे. एवढंच म्हणणं आहे. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा." मागून कुणीतरी ओरडलं, ते पोर गोळ्या कसल्या घेतं ते तरी कळू द्या. थोडं हसू पसरलं. हा हसला नाही. पण गप्प बसा असंही म्हणाला नाही. मग हात वर गेले, आणि लेकीचं मुलींबरोबर पळणं त्या दिवसापासून बंद झालं. नवऱ्याने घरी येऊन सगळं सांगितलं, पाण्याचा पेला संपवला आणि म्हणाला, "अगं, माणूस वाईट नाही तो." यावर तिने नवऱ्याशी अबोला धरला. वाईट असता तर बरं झालं असतं. त्याने शिवी दिली असती, तर तिलाही एक सणसणीत शिवी हासडून मोकळं होता आलं असतं. या जोडलेल्या हातांचं काय करायचं?

"काढावी लागेल," ती आता त्याला म्हणाली. "आजच. भूल देते. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन."

हात वर करा. रोजचं वाक्य, तोंडून आपोआप जाणारं, पण आज ते म्हणताना जिभेला गोड लागलं. करा ना. मला बघायचाय तुमचा हात वर गेलेला.

सुई हिरडीच्या मागे गेली. त्याने डोळे मिटून घेतले. भूल चढायला वेळ लागतो. तेवढ्यात बाहेर एका पोराने भोकाड पसरलं, मावशी त्याला गप्प करायला धावल्या, आणि खोलीत दोघंच उरले.

...लेकीने आधी कपडे बदलले नव्हते, केसही वाढवले नव्हते. तिने आधी क्रियापद बदललं होतं. एका दुपारी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, मी आले." 'आलो' नाही, 'आले'. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईला वाटलं, जीभ चुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आले', मग रोजच, हळू आवाजात, चोरून, दाराला कडी आहे की नाही हे बोटाने ढकलून बघावं तसं. शेवटी एक दिवस आईने आतून म्हटलं, "आलीस? हात धू." एवढंच. पोर दारातच उभी राहून रडली. पुढे डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, सासूबाईंचं जे बोलून घ्यायचं ते बोलून झालं, नवऱ्याची जीभ अडखळायची थांबली — तिची स्वतःची मात्र अजून घसरते, गडबडीत 'आला का' निघून जातं, आणि लेक ऐकलंच नाही असं दाखवते. पण ते सगळं त्या एका शब्दाच्या मागून आलं होतं.

सभेपासून तो शब्द घरातून गेला. लेक बोलत नाही असं नाही, पण जपून बोलते. मला भूक नाही. माझं झालं. मला झोप येतेय. 'आले'ही नाही, 'आलो'ही नाही, 'जाते'ही नाही, 'जातो'ही नाही. आपण कोण ते कळू नये अशी वाक्यं हुडकून काढते, ठणकत्या दाढेला घास लागू नये म्हणून माणूस दुसऱ्या बाजूने चावतो तसं. दारातून आत येते तेव्हा नुसत्या चपला वाजतात. पळायचे बूट गॅलरीत पडलेत, त्यांच्यावरचा चिखल वाळून गेलाय, कुणी हात लावत नाही. हे मी कुठे दाखवू? कुठल्या सभेत? माझ्या पोरीचं क्रियापद गेलं हो, ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा.

"ओठ जड झाला?"

"थोडा," तो म्हणाला.

थोडा म्हणजे पुरेसा नाही. अजून थांबायला हवं होतं, आणि थांबलं की डोकं नको तिकडे जातं. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नाही. माझ्या पोरीचे पाय लांब आहेत. गोळ्यांनी काय बदलतं, काय तसंच राहतं, यावर मिळेल ते वाचलंय, दोन्हीकडचं वाचलंय, आणि होते तिथेच आहे. या माणसाच्या पोरीला मी मैदानावर पाहिलंय — लहानखुरी, शर्यत संपली की गुडघ्यांवर हात टेकून वाकायची, आणि दर वेळी माझ्या लेकीच्या जराशीच मागे. जराशीच. त्या जराशासाठी ती पहाटे उठत होती. मी तिची आई असते तर... तर मीही हात वर केला असता की काय? हा विचार आला की याचा आणखीच राग येतो. माझी पोर तर काढलीच, वर मला त्याच्या बाजूने विचार करायला लावलं. निदान माझा राग तरी माझ्याकडे निर्भेळ राहू द्यायचा होता. असेल तो बरोबर. निम्मा बरोबर असेल. पण मग दार लावून घ्यायचं होतं, दोघींच्या आयांना समोरासमोर बसवायचं होतं, मला विचारायचं होतं. माझ्या लेकीच्या पोटात काय जातं यावर हशा पिकला, तेव्हा निम्म्या बरोबर माणसाने काय केलं? माईक धरून उभा राहिला.

तिने रबरी ठोकळा त्याच्या दातांच्या मध्ये बसवला. आता तोंड मिटता येणार नव्हतं. दिवा खाली ओढला, पकड हातात घेतली आणि अगदी नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "तुमच्या मुलीच्या पुढे पळायची ना, ती माझी लेक."

त्याचे डोळे उघडले. घशातून काहीतरी वर आलं आणि ठोकळ्याशी अडलं. नुसता 'अ' ऐकू आला. बोला ना. करा आता भाषण. इतकी वर्षं लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना प्रश्न विचारत आलेय, पण त्यात एवढं सुख असतं हे माहीत नव्हतं.

तिने दाढ पकडीत धरली, आणि ती पुरती बधिर झालेली नाही हे पक्कं ठाऊक असताना जोर दिला.

त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. बुटातला पाय ताठ झाला. तिने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात खुर्चीच्या दांड्यावर होता, बोटं पांढरी पडली होती, पण वर आला नाही. तिने आणखी थोडा जोर दिला. कर. कर ना वर. एवढे हात वर करवलेस, तुझा स्वतःचा एक होत नाही? तो छताकडे बघत होता, हे आपल्या वाट्याचंच आहे असं ठरवून टाकल्यासारखा. आणि त्या ठरवून टाकण्याने तिचा असा संताप झाला की पकड भिंतीवर फेकावी. उट्टं काढायचं तर समोरच्याने निदान ओरडायला नको का? हा इथेही चांगलाच राहणार. इथेही हात जोडूनच पडणार.

पकड बाहेर आली, ती काही दया येऊन नाही. हातानेच काढली. इतक्या वर्षांचा सरावलेला हात, त्याला मालकिणीचं वैर कळत नाही. त्याने दुसरी सुई भरली, टोचली, आणि या वेळी हवा तेवढा थांबला. तिच्या हातालाही तिची बाजू घ्यावीशी वाटली नाही. मग दाढ सहज आली, चिरेवरून दुभंगून.

ठोकळा काढून तिने जखमेवर कापसाचा बोळा ठेवला. "घट्ट चावून धरा. बोलू नका."

तो उठून बसला. पाय खाली सोडले, पण उतरला नाही. बोलू नका म्हणून सांगितलेलं असताना बोलला. दातांत बोळा, ओठ एका बाजूने लोंबलेला, अर्धी जीभ बधिर. शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडत होते. माझी पोरगी परवा पहिली आली, एवढं तिला जुळवता आलं. घरी येऊन तिने बूट फेकले, हेही. त्याने बोळा बोटाने सावरला.

"म्हनायी," तो म्हणाला, "त्... अस्त्... तय मी दुसयी आये अस्ते."

"काय म्हणाली?"

"त् अस्त् तय," तो पुन्हा म्हणाला, जास्त जोर लावून, तितकंच अस्पष्ट, "मी दुसयी आये अस्ते."

तो असता तर मी दुसरी आले असते. ती असती तर मी दुसरी आले असते. यातलं कुठलं? 'तो' म्हणायला ओठांचा चंबू करावा लागतो, 'ती' म्हणताना ते फाकतात, आणि त्याला दोन्ही जमत नव्हतं. ते तिच्याच सुयांनी घालवलं होतं. पुन्हा विचारलं असतं, तर ती काय शोधतेय ते त्याला कळलं असतं. तेवढी गरज त्याला दाखवायची नव्हती. त्याने हात जोडले, सवयीने असतील, आणि एक खांदा पुढे काढून निघून गेला. मावशींनी रडणाऱ्या पोराला आत आणलं.

दिवसभर तिने दात भरले, दात घासले, एका बाईला कवळी नीट बसत नाही म्हणून बोलणी खाल्ली, आणि ते वाक्य तोंडात इकडून तिकडे फिरत राहिलं. त्या पोरीने बूट का फेकले असतील? जिंकूनही वरचढ कोण ते माहीत आहे, या चिडीने? की मैदानावर पुढे बघायला पाठ उरली नाही म्हणून? हे वाक्य घरी न्यायला हवं होतं. लेकीला आज काही द्यायचं असेल तर हेच होतं, तिच्याच बरोबरीच्या पोरीने म्हटलेलं. पण कुठल्या अक्षराने न्यायचं? 'ती' म्हणावं, आणि ते खोटं निघालं तर? उद्या शाळेच्या जिन्यात दोघी समोरासमोर येतील. 'तो' म्हणावं, तर तो दगड मीच उचलून घरात आणला. एव्हाना त्याची भूल उतरली असेल. आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून तो तेच वाक्य आता स्वच्छ म्हणू शकत असेल, आणि त्याला त्याची काही किंमतही नसेल.

तिने कुलपात किल्ली फिरवली.

"आई, तू आलीस?" आतून लेकीचा आवाज आला.

"आले," ती म्हणाली, आणि दारातच थबकली. किती सहज आला तो शब्द. कुणाची परवानगी नाही, कुणाचे हात मोजायचे नाहीत. आजवर हजारदा म्हटला असेल, कधी ऐकला नव्हता.

लेक भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर उघडं पुस्तक, पान कधीचं तेच असावं. आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिने पुस्तक मिटलं. "काय झालं?"

सकाळी त्या माणसावर धरलेला दात अजून धरलेलाच होता. पण तो नेमका कुणावर, त्याच्यावर, नवऱ्यावर, हातावर, की अजून घसरणाऱ्या आपल्याच जिभेवर, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"तुझ्या मागे पळायची ना ती," तिने सुरुवात केली, "तिचे बाबा आले होते आज दाढ काढायला. ती म्हणाली म्हणे..."

लेक हलली नाही. गॅलरीचं दार उघडं होतं, बूट तिथेच होते. आईने पुढच्या शब्दासाठी जीभ दातांमागे टेकवली. 'त'पर्यंत दोन्ही सारखंच असतं. लेक तिच्या ओठांकडे बघत होती.